बॉनेटवरची हळद

१

एकसष्ट सालचा दसरा. सकाळी आठच्या सुमारास, जयनगरातल्या फत्तेसिंगरावांच्या बंगल्यामागच्या गॅरेजमध्ये देवाप्पाने निळ्या गाडीचं बॉनेट उघडलं, आत पाहिलं, आणि तो खाली फरशीवर बसला. गाडीचे दोन्ही कार्बोरेटर जागेवर नव्हते.

कार्बोरेटर म्हणजे इंजिनाचं नाक. बाहेरची हवा तिथून आत शिरते आणि जाता जाता पेट्रोल बरोबर घेऊन जाते. नाकच नसेल तर सहा सिलिंडरचं ते विलायती इंजिन म्हणजे नुसतं सहा-सात मणांचं लोखंड.

गाडी होती दोन दारांची, लांब नाकाची, आत लाल कातडं. फत्तेसिंगरावांचे थोरले भाऊ हणमंतराव ऊर्फ अण्णा यांनी ती त्रेपन्न साली बोटीने मागवली होती. तीन वर्षांपूर्वी ते पत्नीला मागे ठेवून वारले. तेव्हापासून तिची सगळी देखभाल देवाप्पाकडे होती. आयात बंद झाल्यामुळे तिचा साधा वॉशरही बाजारात मिळत नसे. मग ही तर जोडी. शोधून मद्रासेतही मिळाली नसती.

देवाप्पा किती वेळ बसून राहिला ते त्याचं त्यालाच कळलं नाही. साडेआठला तो उठला आणि मालकांना सांगायला गेला.

थोड्याच वेळात सगळे गॅरेजमध्ये जमले. फत्तेसिंगराव, त्यांची पत्नी भाग्यलक्ष्मी, आणि सणासाठी आलेला तिचा भाऊ विश्वासराव. विश्वासरावाला ही गाडी स्वतःला हवी होती आणि ती बाहेर विकायची ठरल्यापासून तो तोंड फुगवून होता.

"काल आयुधपूजेला गाडी चालली ना?" त्याने विचारलं.

चालली होती. दहाला पूजा झाली, भाग्यलक्ष्मीने बॉनेटच्या पुढच्या कडेवर ओल्या हळदीचा पट्टा ओढून वर कुंकू लावलं, चाकांखाली लिंबं ठेवली. ती चिरडत गाडी बसवनगुडीच्या देवळापर्यंत जाऊन साडेअकराला परत आली. पुढे गॅरेजला कुलूप नव्हतं. आयुधपूजेला घरातली कुलपं, किल्ल्या, पाने, सुऱ्या सगळं पूजेला बसतं आणि दसऱ्याच्या सकाळपर्यंत कोणी त्याला हात लावत नाही, ही ह्या घराची रीत.

"म्हणजे रातभर कुणीबी आत आलं असल," देवाप्पा म्हणाला.

"आणि बॉनेट कसं उघडलं?" विश्वासरावाने कडेकडे बोट दाखवलं. "हळदीचा पट्टा अर्धा बॉनेटवर, अर्धा खालच्या पत्र्यावर. सुकला की सील केल्यासारखा. बॉनेट उचललं की तो मोडणारच. दाजी, तुम्ही सकाळी सातला इथे नमस्काराला आलात. पट्टा कसा होता?"

"अखंड होता," फत्तेसिंगराव हळूच म्हणाले. "कुठेही भेग नव्हती."

"देवाप्पा, तो कोणी मोडला?"

देवाप्पाने आपल्या बोटांकडे पाहिलं. पट्टा त्यानेच मोडला होता. बॉनेट उचलताना सुकलेले पोपडे त्याच्या बोटांवर पडले होते.

"आठला मोडलास, साडेआठला सांगायला आलास," विश्वासराव म्हणाला. "अर्ध्या तासात माणूस बरंच काही करतो."

२

बारा वाजता कुर्गचे एक कॉफीमळेवाले गाडी न्यायला येणार होते. गाडीबरोबर देवाप्पालाही नेणार होते. मळ्यावर नोकरी, राहायला दोन खोल्या. सहा वर्षं देवाप्पा राजाजीनगरात चौघांबरोबर एका खोलीत झोपत होता आणि त्याची बायको चंपा चिकोडीला सासरच्या माणसांत दिवस काढत होती. दिवाळीत तिला कुर्गला घेऊन जायचं, असं पत्रही त्याने टाकलं होतं.

"बारापर्यंत वस्तू जागेवर आल्या पाहिजेत," फत्तेसिंगराव त्याच्याकडे न पाहता म्हणाले. "नाही आल्या तर मी पोलिसांना फोन करणार. माझा नाइलाज आहे."

देवाप्पा फाटकाबाहेर पडला. कलासिपाळ्यमहून बेळगावची बस मिळाली असती. पण पळालं म्हणजे कबूल केलं. मग पोलीस चिकोडीला जाणार, चंपाच्या दारात उभे राहणार. तो रस्त्यातच थबकला आणि उलट वळला.

मागच्या गल्लीत भीमाचार्य राहत. हायस्कुलातून निवृत्त झालेले शास्त्राचे मास्तर. दसऱ्याला लहान मुलं अक्षरं गिरवायला सुरुवात करतात, म्हणून ओसरीवर ताटांत तांदूळ पसरून पाच-सहा चिमुरडी बसली होती. आचार्य एकेकाचं बोट धरून 'श्री' काढून घेत होते.

"मास्तर, मला वाचवा," देवाप्पा पायरीवरच म्हणाला.

"बस आधी. पाणी पी. घाबरलेल्या माणसाला उजवीकडचं डावीकडे दिसतं." त्यांनी एका मुलीचं अक्षर पुरं करून दिलं. "आता सांग. पाहिलंस तेवढंच सांग. वाटलं ते नंतर."

देवाप्पाने सांगितलं. आचार्य म्हणाले, "एकंदरीत, बंद डब्यातला लाडू गेला आणि झाकण हललं नाही."

"व्हय."

"असं होत नसतं, देवाप्पा. एक तर लाडू आधीपासूनच नव्हता, नाही तर झाकण हललं आहे आणि आपल्याला दिसत नाही. काल गाडी देवळापर्यंत जाऊन आली, म्हणजे लाडू होता. उरलं काय?"

"झाकण हललं."

"चल, बघू."

फाटकाशी पोहोचले तेव्हा विश्वासराव उभा होता. "काय आचार्य, आता चोरांचीही शिकवणी घेता?"

"घेतो की. तुझी घेतली होती ना दोन वर्षं," आचार्य म्हणाले आणि पुढे गेले.

३

आचार्य बॉनेटमध्ये वाकले.

"हे बोळे कसले?"

कार्बोरेटर जिथे बसतात त्या भोकांमध्ये स्वच्छ पांढऱ्या कापडाचे बोळे घट्ट बसवले होते. पेट्रोलच्या नळीच्या तोंडालाही चिंधी गुंडाळली होती. सकाळी हे देवाप्पाच्या नजरेलाच आलं नव्हतं.

"आत धूळ जाऊ नये म्हणून घालतात. धूळ गेली तर सिलिंडर घासून जातो."

"आणि हे नट?"

हरवू नयेत म्हणून नट काढून पुन्हा आपापल्या आट्यांवर हाताने फिरवून ठेवले होते. एकाचेही कोपरे घासलेले नव्हते.

"चोराने इतकी काळजी घेतली," आचार्य म्हणाले. "वस्तू नेणाऱ्याला मागे राहिलेल्या इंजिनाची कसली पर्वा? ज्याने हे केलं त्याला गाडी पुन्हा चालायला हवी आहे."

सगळ्यांच्या लेखी असं काम करणारा माणूस ह्या घरात एकच होता. देवाप्पा.

तेवढ्यात शिवाप्पा आला. न्यू तरगुपेटेत त्याचं वर्कशॉप. फत्तेसिंगरावांनीच त्याला बोलावलं होतं. मागच्या महिन्यात त्याने देवाप्पाला सगळ्यांच्या देखत सांगितलं होतं की, ह्या जोडीसाठी माझ्याकडे एक गिऱ्हाईक डोळे लावून बसलंय.

"गंमतीत बोललो मी," तो आता म्हणाला. "काल पूजेला आलो, प्रसाद घेतला, तिथून थेट वर्कशॉपला. माझी पण आयुधपूजा होती, पन्नास माणसं जेवली. विचारा कुणाला पण. आणि हे नट विलायती आहेत, मास्तर. आपला पाना लावला तर स्वल्प सैल बसतो, कोपरा खातो. माझ्याकडे ह्या मापाचा पानाच नाही."

"कोणाकडे आहे?"

"देवाप्पाकडे एक जोड आहे."

सगळ्यांच्या नजरा भिंतीवरच्या फळीकडे गेल्या. देवाप्पाचे पाने तिथे पूजेला मांडलेले होते. त्यांवर हळदकुंकू सुकलेलं, वर झेंडूची माळ, आणि माळेची ओली फुलं वाळताना पान्यांना चिकटून बसलेली. शेजारी भाग्यलक्ष्मीचं हळदीकुंकवाचं ताट तसंच होतं. आचार्यांनी एक फूल हलकेच ओढलं. त्याची पाकळी लोखंडावरच राहिली.

"हे पाने काल सकाळपासून कोणी उचललेले नाहीत. मग दुसरा जोड हवा. फत्तेसिंग, गाडीबरोबर विलायतेहून हत्यारं आली असतील ना?"

"आली होती. कातड्याच्या गुंडाळीत. अण्णा कोणाला हात लावू देत नसत." फत्तेसिंगराव आठवून म्हणाले, "ते गेल्यावर ती मी पाहिलेली नाही."

विश्वासराव हसला. "मास्तर, अहो, मी गाडी चालवतो. कार्बोरेटर आणि सायलेन्सर यातला फरक मला विचारू नका. ह्या घरात इंजिनाला हात लावणारा हा एकटा. अण्णांची गुंडाळीही ह्यानेच ढापली असेल."

आचार्य देवाप्पाकडे वळले. "तीन वर्षं ह्या दोन कार्बोरेटरांचा मेळ कोण बसवतं?"

गावभर बोलबाला होता की, देवाप्पाच्या कानासारखा कान नाही. दोन नाकपुड्यांतून सारखी हवा जायला हवी. एकीतून कमी गेली की इंजिन अडखळतं. ते ओळखून स्क्रू केसभर फिरवायचा, ही त्याची विद्या.

"मीच," देवाप्पा म्हणाला.

आणि ते खोटं होतं.

४

अकरा वाजून गेले. आचार्यांनी सगळ्यांना ओसरीवर पाठवलं आणि गॅरेजचं दार ओढून घेतलं.

"तू 'मीच' म्हणालास तेव्हा गाडीकडे पाहिलं नाहीस," ते म्हणाले. "मुलं दुसऱ्याची वही आपली म्हणून दाखवतात ना, तेव्हा असंच तोंड करतात."

देवाप्पाने टोपी काढून हातात चुरगळली. "मला जमत न्हाई, मास्तर. तेल, ब्रेक, गिअर सगळं जमतं. ते जमत न्हाई. अण्णासाहेब गेल्यावर इंजिन अडखळाया लागलं. मी स्क्रू फिरवले, जास्तच बिघडलं. दुपारी खानावळीत जेवायला गेलो, परत आलो तर घड्याळावाणी चालू. मालक म्हणाले, शाब्बास. मी गप बसलो. मग दर वेळी तसंच. मी जेवून येतो, तवर गाडी बरी झालेली असते."

"कोण करत होतं?"

"इचारलं न्हाई."

"तीन वर्षं?"

"शाबासकी मला मिळत होती." त्याचे डोळे भरून आले. "अण्णासाहेबच येऊन करत्यात, असं बी वाटायचं कधी. आता हे बाहेर सांगितलं तर कुर्गची नोकरी गेली. न्हाई सांगितलं तर जेल. कसंबी मेलोच मी."

आचार्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि काही वेळ तसाच राहू दिला. मग ते गुडघ्यांवर बसून फरशीवरचे पोपडे कागदावर वेचू लागले.

"शिवाप्पाची तंबाखूची चंची मागून आण. मला चुना हवा आहे."

चुना आला. आचार्यांनी तो बोटावर घेऊन बॉनेटच्या कडेला, फटीपासून चार बोटं वर, हळदीच्या पट्ट्यावर चोळला. पिवळा रंग बघता बघता लाल झाला.

"घरोघरी कुंकू असंच होतं. हळदीला चुना लागला की ती लाल होते. आता हे बघ." त्यांनी तोच चुना पोपड्यांना लावला. हे पोपडे अगदी फटीवरचे होते, बॉनेट उचलताना तुटलेले. ते लाल झाले नाहीत. फिकट पिवळेच राहिले.

देवाप्पा बघत राहिला. "ही हळद न्हाई?"

"वास घे."

त्याने कागद नाकाशी नेला. चंदन. सहाणेवर उगाळलेलं गंध.

"झाकण हललं होतं," आचार्य म्हणाले. "काल दुपारनंतर कोणी तरी बॉनेट उघडलं, हळद फटीवर मोडली. काम झाल्यावर फट गंधाने भरून टाकली. गॅरेजच्या अंधारात फत्तेसिंगला ती अखंड दिसली. आज तू मोडलंस ते गंध, हळद नव्हे. तू सुटलास, देवाप्पा."

पण देवाप्पाला सुटल्यासारखं वाटलं नाही. तो फळीवरच्या ताटाकडे पाहत होता. हळद तिथेच होती, हात लांबवला की मिळेल एवढी जवळ. तिला सोडून घरात जाऊन, चंदन उगाळून, इतक्या लांब परत यायचं. असं कोण करील?

उत्तर त्याला सुचलं आणि त्याने झटकन आचार्यांकडे पाहिलं.

"हं," आचार्य म्हणाले. "मलाही आताच सुचलं."

५

साडेअकराला सगळे पुन्हा गाडीभोवती उभे राहिले. आचार्यांनी चुन्याचा प्रयोग पुन्हा करून दाखवला. भाग्यलक्ष्मी चकित होऊन बघत राहिली.

"म्हणजे देवाप्पा नव्हे," फत्तेसिंगराव म्हणाले. "मग कोण?"

आचार्यांनी खाली पाहिलं. "ज्याला हळद घेता येत होती तो हळदच घेता. देवाप्पा घेता, शिवाप्पा घेता, विश्वासही घेता. इतकं जवळ ताट असताना..."

"मास्तर, थांबा," देवाप्पा मधेच म्हणाला. "मालक, ते मीच केलं समजा. वस्तू देतो मी शोधून. पोलीस बोलवा, पर पुढं काही इचारू नका."

"वेडा आहेस का तू?" फत्तेसिंगराव म्हणाले.

"आहे." चंपाचा चेहरा त्याच्या डोळ्यांपुढून हटत नव्हता. पण ज्या हातांच्या जिवावर तीन वर्षं भाकरी खाल्ली, ते हात सगळ्यांसमोर उघडे पाडायला त्याची जीभ रेटेना.

"त्याला बोलू देऊ नका, भावजी."

दारात सकवारबाई उभ्या होत्या. हणमंतरावांच्या पत्नी, घरातले गडी त्यांना अक्कासाहेब म्हणत. चाळिशी नुकती उलटलेली, पांढरं पातळ, रिकामं कपाळ. नवरा गेल्यापासून त्या चारचौघांत माजघराच्या पुढे येत नसत. त्यांच्या हातात फेट्यात बांधलेलं जड गाठोडं होतं. त्यांनी ते गाडीच्या मडगार्डवर ठेवून सोडलं. आत दोन कार्बोरेटर, आणि कातड्याच्या गुंडाळीत पाने.

"हळदीला हात कसा लावू मी?" त्या भाग्यलक्ष्मीकडे पाहून म्हणाल्या. "चोरी केली, पण ते नाही करवलं."

फत्तेसिंगराव गुंडाळीतला एक पाना उचलून पाहू लागले.

"तुम्हाला हे काम येतं, वहिनी?" त्यांनी विचारलं.

"ह्यांच्या शेजारी बसून पाच वर्षं पाने दिले. कोणता कधी लागतो ते कळायला लागलं. मग ते म्हणायचे, तूच कर, माझ्यापेक्षा तुला ऐकू येतं." त्यांनी पदर सारखा केला. "ह्या घरात मला दिवसभरात कोणी काही विचारत नाही, भावजी. वाईट वागवता असं नाही. फक्त विचारत नाही. दुपारी घर झोपलं की मी गॅरेजात जायचे, ती गाडी विचारायची. आज थंड पडले, आज डाव्या बाजूला कमी पडतंय. वाटलं, चालू झाली नाही तर गिऱ्हाईक परत जाईल. चोरी म्हणाल हे डोक्यातच आलं नाही. वस्तू तर घरातच होती, माझ्या ट्रंकेत. सकाळपासून तीनदा उंबऱ्यापर्यंत आले." त्या देवाप्पाकडे वळल्या. "तुला धरलं, आणि मी आत उभी राहिले. ते मोठं पाप झालं."

फाटकाबाहेर मोटारीचा भोंगा वाजला. मळेवाले वेळेआधीच आले होते.

६

देवाप्पाने पाऊण तासाचं काम वीस मिनिटांत केलं. बोळे काढले, कार्बोरेटर बसवले, नळ्या जोडल्या. मळेवाले ओसरीवर कॉफी पीत बसले होते. फत्तेसिंगराव त्यांना हवापाण्याच्या गोष्टी सांगत होते.

स्टार्टर दाबला. इंजिन पेटलं, खोकलं, थरथरलं. देवाप्पाने एक स्क्रू फिरवला. ते बंद पडलं. पुन्हा सुरू केलं. आता मागून काळा धूर. त्याला घाम फुटला. ओसरीवरून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मळेवाले आणि फत्तेसिंगराव गॅरेजकडे येत होते.

देवाप्पाने स्क्रू ड्रायव्हर पुसला, दोन्ही हातांत धरला आणि सकवारबाईंपुढे केला.

त्यांनी दिराकडे पाहिलं. फत्तेसिंगराव काही क्षण थांबले, मग बाजूला सरले.

सकवारबाईंनी पदर कमरेला खोवला. गुंडाळीतून वीतभर रबरी नळी काढली, एक टोक कानाला लावलं, दुसरं एका कार्बोरेटरच्या तोंडाशी, मग दुसऱ्याच्या. केसभर डावीकडे. थांबल्या. पुन्हा केसभर. धूर विरळ झाला. थरथर थांबली. आणि मग ते मोठं इंजिन इतकं शांत चालू लागलं की, बाहेर कुठे तरी लागलेली सनईची रेकॉर्ड ऐकू येऊ लागली. पाणावलेले डोळे त्यांनी पुसले नाहीत. आता गाडी जाणार हे त्यांना कळत होतं, आणि तरीही त्यांनी काहीही बाकी ठेवलं नाही.

मळेवाले बराच वेळ ऐकत राहिले. त्यांना चंदनाचं काही माहीत नव्हतं. ते देवाप्पाला म्हणाले, "तुझ्याबद्दल ऐकलं होतं ते खरं आहे. तुझ्या देखरेखीतली गाडी अशीच असणार. सरी, ठरलं, आजच निघू. घर तयार आहे."

देवाप्पाला फक्त मान हलवायची होती. बाईंनी नुसता शेवटचा हात लावला, असं समजायला मळेवाल्यांची हरकत नव्हती. विश्वासराव गप्प होता, मास्तर गप्प होते. दिवाळी तीन आठवड्यांवर आली होती.

"साहेब," तो म्हणाला, "तेल माझं, ब्रेक माझे, टायर माझे. पर हा आवाज माझा न्हाई. कधीच नव्हता. तीन वर्षं तो अक्कासाहेबांचा आहे. मला त्यातलं काही येत न्हाई."

मळेवाल्यांनी त्याच्याकडे पाहिलं, मग स्क्रू ड्रायव्हर धरलेल्या हाताकडे. त्यांनी डोक्यावरची हॅट काढली.

"अम्मा, आमच्याकडे घाट आहे, थंडी आहे. तिथे ही अशी चालेल का?"

सकवारबाईंनी नकारार्थी मान हलवली. "अशी नाही चालणार. उंचावर हवा विरळ असते. पेट्रोल थोडं कमी करावं लागेल, दोन्हीकडे सारखं. थंडीत सकाळी वेगळं, दुपारी वेगळं."

"ते तिथे कोण करणार?"

त्यांनी देवाप्पाकडे पाहिलं. तो मान खाली घालून पाने पुसत होता.

"एक तास थांबता येईल तुम्हाला?" त्यांनी मळेवाल्यांना विचारलं.

"दोन थांबतो."

"देवाप्पा, इकडे ये. डोळे मिट. बघायचं काही नाही, ऐकायचंच आहे."

त्यांनी नळी त्याच्या हातात दिली. त्याने ती कानाला लावली.